एका चेहऱ्याची दोन खाती

"आई, डावीकडे बघ. आता उजवीकडे. आता जरा हस. दात नाही दिसले तरी चालतील, पण हस."

धाकट्याचं हे बोलणं सासूबाईंना शब्दन् शब्द आठवत होतं, कारण इतक्या गोड आवाजात तो त्यांच्याशी कित्येक महिन्यांत बोलला नव्हता.

"डोळ्यांची तपासणी म्हणाला. हल्ली फोनवरच होते म्हणे. मी आपली केस विंचरून बसले," त्या म्हणाल्या.

थोरली सून पलंगाच्या कडेला त्यांचा टॅब घेऊन बसली होती. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. डोळे तपासताना कुणी माणसाला हसायला सांगत नाही, एवढं तिला ठाऊक होतं. टॅबवर सकाळपासून एकच मजकूर होता: नंतरच्या पडताळणीत याच चेहऱ्यावर दुसरं खातं सापडलं आहे, त्या खात्यावरून लबाडी झाली आहे, चौकशी होईपर्यंत दोन्ही खाती बंद.

सासूबाई त्या टॅबवर, एका कंपनीच्या ऑनलाइन खेळात, अनोळखी माणसांशी बुद्धिबळ खेळायच्या. कंबर धरल्यापासून पलंग आणि खिडकी एवढंच त्यांचं जग उरलं होतं, आणि त्या जगाला हा पट म्हणजे एकच दार. कंपनीने ओळखपत्र आणि समोरचा जिवंत चेहरा जुळवून बघायचा नियम आणला, एका माणसाला एकच खातं असं ठरवलं, तेव्हा इतरांनी कुरकुर केली होती. सासूबाई खूश झाल्या होत्या. "बरं झालं. समोर माणूस बसलाय की भामटा, ते तरी कळेल," असं म्हणून त्यांनी थोरलीकडून तेव्हाच सगळं भरून घेतलं होतं.

भामटा त्यांच्याच घरात, भिंतीपलीकडच्या खोलीत राहत होता. त्याने त्याच खेळात स्वतःसाठी उस्ताद असं नाव घेतलं होतं. उस्तादी एवढीच, की मांडीवर दुसरा फोन ठेवायचा, त्यातला प्रोग्राम सांगेल ती चाल इकडे करायची आणि जिंकल्यावर हरलेल्याला टोमणे मारायचे. पोपटालाही निदान चार शब्द शिकावे लागतात. यानं तेवढीही तसदी घेतली नव्हती. आधी तो स्वतःच्या ओळखपत्रावर हाकलला गेला, मग बायकोच्या, मग मेव्हण्याच्या. मेव्हणा तेव्हापासून या घराची पायरी चढला नव्हता, आणि उस्तादाला त्याचंही सोयरसुतक नव्हतं. नात्यातले चेहरे संपत आले, तेव्हा त्याला आई आठवली.

थोरलीने त्याच्या दारावर टकटक केली. तो त्या मोठ्या फिरत्या खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता. खुर्ची बघून कुणाला वाटावं, हा माणूस विमान चालवतो.

"भाऊजी, आईंचा चेहरा तुम्ही वापरलात."

"वहिनी, एवढंसं प्रकरण आहे. आईला काय त्या खात्याचं लोणचं घालायचंय?"

"त्यांचं स्वतःचं होतं. तेही बंद पडलंय."

तो पहिल्यांदा खुर्चीसकट वळला. "आई खेळते?"

"बाबा गेल्यापासून."

"मला कोण सांगणार?"

एका घरात राहून, रोज आईच्या उशाशी पट उघडा असलेला टॅब ओलांडून चार्जर न्यायला येणाऱ्याला हे सांगायला कुणी बाहेरून यायला हवं होतं. चेहरे जुळवणारं यंत्र त्याला फसवता आलं नाही ते बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे. ज्या आईकडे त्याने कधी धड पाहिलं नव्हतं, तिला यंत्राने ओळखलं होतं.

"सोपं आहे," उस्ताद शहाणपण पाजळत म्हणाला. "आईने सांगायचं, दोन्ही खाती माझीच, म्हातारपणी घोटाळा झाला. ताकीद देऊन एक परत सुरू करतील. माझं नाव कशाला मध्ये?"

थोरलीचा नवरा बाहेरच्या खोलीतून, वर्तमानपत्रामागून म्हणाला, "सांगू दे ना आईला. खेळच तर आहे." त्या वाक्याबरोबर त्याने घरातली जबाबदारी पार पाडली आणि पान उलटलं.

उस्ताद आईच्या खोलीत गेला, पलंगावर बसला आणि पुन्हा तोच मधाळ आवाज काढला. "आई, एक मुलगी फोनवर विचारेल. तू म्हणायचं, मीच केलं, मला कळलं नाही."

"काय केलं मी?"

"ते... प्रोग्राम लावून खेळलीस."

"तुझ्या वडिलांशी मी जन्मभर हरत आले," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "एक चाल परत मागितली नाही. आणि आता लबाडी केली म्हणून सांगू? बाजूला हो, उजेड अडवतोयस."

चौकशीचा फोन आला, तेव्हा तो दारात उभाच होता. पडद्यावरच्या मुलीने ओळखपत्र पाहिलं, मान वळवायला सांगितली आणि विचारलं, "आजी, दुसरं खातं कुणी उघडलं?"

"माझ्या धाकट्या मुलाने. मला खोटं सांगून. त्याचं नाव लिहून घे, बाळ, मी सांगते."

"त्यांना इथे खेळणं कायमचं बंद होईल, आजी. कुणाच्याही नावावर येता येणार नाही."

"तेच हवंय."

उस्ताद पाय आपटत गेला. भिंतीपलीकडे खुर्ची करकरली.

मुलीने सांगितलं, खातं परत मिळेल, पण खातरजमेला वेळ लागेल, आणि तोवर अर्धे राहिलेले डाव वेळ संपला म्हणून हरल्यात जमा होतील. फोन ठेवल्यावर सासूबाई पहिल्यांदा कासावीस झाल्या. हरण्याचं त्यांना काही नव्हतं. पण जुन्या बाजारातल्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याशी त्यांचा डाव चालू होता. रोज एक चाल, त्यानंतर दोन ओळींची विचारपूस. त्याच्या पडद्यावर आता लिहून आलं असणार, की समोरचं खातं लबाडीसाठी बंद केलं आहे.

"त्याला वाटेल, मी तसलीच."

"मी सांगते त्यांना, आई. दुकान शोधून काढते. वचन."

"नुसतं सांगू नकोस. चाल पण दे. उंट मागे घेतला, राजाच्या शेजारी. विसरशील?"

"नाही विसरणार."

बाहेरच्या खोलीत नवऱ्याने कागदाआडून विचारलं, "ऊन किती आहे, कुठे निघालीस?" भिंतीपलीकडून कुणी काही विचारलं नाही.

थोरलीने चपला पायात सरकवल्या, दार आवाज न करता ओढून घेतलं, आणि उंट, राजाच्या शेजारी, असं मनाशी घोळवत ती जुन्या बाजाराच्या रस्त्याला लागली.