कादंबरीत नसलेला परिच्छेद

"थांबलीस का?" समीक्षकांनी डोळे मिटूनच विचारले.

"कारण हा माणूस मेलेला आहे," सिस्टर म्हणाल्या. "पान साठवरच मेलाय. लेखकाला अजून पत्ता नाही, एवढंच."

"अगं, वाच ना पुढे."

"चार महिने उताणा पडलाय हो! कमरेखाली जाणीव नाही, आणि एकदासुद्धा कुणी कूस बदललेली नाही. पाठीला जखम नाही, ताप नाही, लघवीची नळी नाही. नुसता खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघून विचार करतोय. असा पेशंट मला बत्तीस वर्षांत एक मिळाला नाही. मिळाला असता तर सगळ्या वॉर्डाला त्याच्या पाया पडायला लावलं असतं."

"तो तपशील झाला," समीक्षक म्हणाले. "कादंबरी तपशिलाच्या पलीकडे असते."

सिस्टरांनी जीभ आवरली आणि पान उलटले. निवृत्त होऊन पाच वर्षे झाली तरी सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणे. त्यांचे यजमान सव्वीस वर्षे एका साप्ताहिकात दर रविवारी सदर लिहीत होते: नुकत्याच वाचलेल्या कादंबऱ्या, नुकतेच पाहिलेले चित्रपट आणि त्यांवर सडेतोड मत. त्यांच्या मताला वजन होते. मात्र गेल्या तीन वर्षांत नजरेच्या ऐन मधोमध काळा डाग पसरला होता आणि आता त्यांना जगाच्या फक्त कडा दिसत. ही गोष्ट घरातल्या दोघांखेरीज डोळ्यांच्या डॉक्टरला ठाऊक होती. चौथ्या कुणाला कळू द्यायची नाही, असा समीक्षकांचा हुकूम होता.

त्यामुळे घरात कामाची वाटणी होती. दुपारी दोन ते चार सिस्टर कादंबरी वाचून दाखवत. शुक्रवारी थिएटरात शेजारी बसून पडद्यावर काय चालले आहे ते कानात सांगत. बुधवारी समीक्षक आरामखुर्चीत बसून मत सांगत आणि सिस्टर ते लिहून घेत. संपादकांनी मध्यंतरी फोन करून, या वयात अक्षर इतके सुधारल्याबद्दल समीक्षकांचे अभिनंदन केले होते. समीक्षकांनी ते स्वीकारलेही होते.

गेल्याच महिन्यातली गोष्ट. पडद्यावर नायक शेवटचे श्वास मोजत होता. त्याने स्वतःच्या हाताने ऑक्सिजनचा मास्क काढला, भावाला क्षमा केली, बायकोला तीन सल्ले दिले आणि दोन ओळी गायल्या.

"अरे, आधी मास्क लावा रे त्याचा!" सिस्टर ओरडल्या. पुढच्या पाच रांगांनी माना वळवल्या.

बुधवारी समीक्षकांनी सांगितले, "लिही. मृत्यूचे इतके संयत चित्रण विरळा." सिस्टरांनी लिहिले. 'संयत' लिहिताना पेनाचे टोक कागदातून आरपार गेले.

आता हातात होती ती समीक्षकांच्या चाळीस वर्षांच्या दोस्ताची नवी कादंबरी. सिस्टर पान एकशे ब्याण्णववर आल्या. त्यांचे डोळे नेहमीप्रमाणे जिभेच्या दोन ओळी पुढे होते. तिथे छापले होते:

*दगडी हातांची ती नर्स जांभई देत उठली. तिने घड्याळ पाहिले, चादर त्याच्या तोंडावर ओढली आणि पुन्हा विणकाम हाती घेतले. तिच्या लेखी एक पलंग रिकामा झाला होता.*

सिस्टरांच्या डोक्यात तिडीक गेली.

"काय झालं?"

"चष्मा पुसतेय."

त्यांनी चष्मा पुसला आणि मग त्याच आवाजात, त्याच संथ लयीत वाचले:

"तिने घड्याळ पाहिले, कारण वेळ कागदावर लिहायची असते. दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. मुलगी वाटेत होती. नर्सने स्टूल ओढले आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसली. हात बोटांकडून गार होत येतो. पाचला दहा कमी असताना मुलगी धावत आली आणि तिने तोच हात धरला. हात कोमट होता. मुलगी म्हणाली, आत्ताच गेले ना? नर्स म्हणाली, हो, आत्ताच. कागदावर खरी वेळ होती. कागद कुणी वाचत नाही."

समीक्षकांनी डोळे उघडले होते.

"पुन्हा वाच."

सिस्टरांनी पुन्हा वाचले. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. होणार कसा? रचलेले असते तर विसरल्या असत्या. पलंग क्रमांक अकरा, आणि स्टुलाचा एक पाय आखूड होता.

"काय लिहिलंय!" समीक्षक म्हणाले. "याच्याकडे एवढी नजर असेल असं वाटलं नव्हतं."

सिस्टर खरे सांगायला तोंड उघडणार, तोच समीक्षक पुढे म्हणाले, "आणि बघ हं, हे पुरुषालाच दिसतं. तिथे काम करणाऱ्या बायकांना नाही दिसायचं. त्या त्यात बुडालेल्या असतात."

सिस्टरांनी तोंड मिटले. बुधवारी त्यांनी लिहून घेतले: 'या एका परिच्छेदासाठी ही कादंबरी वाचावी.' पाठोपाठ तो अख्खा परिच्छेदही उतरवला. या वेळी कागद फाटला नाही.

रविवारी सदर छापून आले. मंगळवारी कादंबरीकार दारात उभे राहिले. हातात फुलांचा गुच्छ होता आणि चेहरा परीक्षेत अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आलेल्या मुलासारखा.

"वहिनी, रागावणार नसाल तर एक विचारतो. तो परिच्छेद कुठल्या पानावर आहे?"

"का? काय झालं?" समीक्षकांनी विचारले.

"अरे, अकरा जणांचे फोन आले. एकानं पान गळालंय म्हणून प्रत परत केली. प्रकाशकानं दुसरी दिली, तर तीही परत. शेवटी मी स्वतः माझी कादंबरी वाचायला घेतली. पहिल्यापासून शेवटपर्यंत. फार कष्ट पडले."

"पान एकशे ब्याण्णव," सिस्टर म्हणाल्या. "म्हणजे तिथे असायला हवं होतं."

समीक्षकांनी मान आवाजाच्या दिशेने वळवली. "म्हणजे तू वाचताना...?"

"खोटं वाचवेना. म्हणून खरं वाचलं."

"वहिनी का वाचतात?" कादंबरीकारांनी विचारले. मग त्यांनी आरामखुर्चीकडे नीट पाहिले. समीक्षक त्यांच्या कानाच्या बाजूला बघत बोलत होते. कादंबरीकारांना कळायचे ते कळले. माणूस दोस्तीला जागणारा. त्यांनी विषय बदलला आणि स्वतःच्या फायद्याकडे वळवला.

"हे बघा, बोभाटा कशाला? पुढच्या महिन्यात दुसरी आवृत्ती निघतेय. तिच्यात हा परिच्छेद घालून टाकू. म्हणजे याचं सदरही खरं आणि माझी कादंबरीही खरी. वहिनींचे आभार मानू की प्रस्तावनेत. 'वाचनसाहाय्य' म्हणून."

"वा!" समीक्षकांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "सुटला प्रश्न."

"कुणाचा?" सिस्टरांनी विचारले.

"आपल्या सगळ्यांचा."

"आयत्या बिळावर नागोबा बसतो, तो निदान फुलं घेऊन येत नाही." सिस्टर उभ्या राहिल्या होत्या. "भावजी, चाळीस मिनिटं तो हात धरून बसले होते मी. खांद्यापर्यंत मुंग्या आल्या होत्या. त्या पोरीला आयुष्यभर वाटावं की थोडक्यात चुकामूक झाली, म्हणून. तुम्ही होतात तिथे? तुम्ही तर माझ्या हातात विणकाम दिलंत! बत्तीस वर्षांत एक मोजा विणायची फुरसत मिळाली नाही मला."

"वहिनी, ती नर्स म्हणजे तुम्ही नव्हे. ते प्रतीक आहे."

"प्रतीकाला म्हणावं, पेशंटची कूस बदल दर दोन तासांनी. मग बोलू."

"अगं, एक परिच्छेद तर आहे," समीक्षक म्हणाले.

"एकच आहे. म्हणूनच देणार नाही."

कादंबरीकार 'शांतपणे विचार करा' असे सांगून गेले. गुच्छ कुठे ठेवावा हे न सुचल्याने त्यांनी तो परत नेला.

दार लागल्यावर समीक्षकांनी घसा साफ केला. "बरं, नको तर नको. कागद घे. लिही: गेल्या रविवारी दिलेला उतारा टिपणांच्या घोटाळ्यामुळे अनवधानाने..."

"घोटाळा कुणाचा?"

"अगं, तशी म्हणायची पद्धत असते."

"खरं आहे ते सांगा, मी लिहिते. हा परिच्छेद कादंबरीत नाही. तो माझ्या बायकोचा आहे. तीच मला वाचून दाखवते. तीन वाक्यं. तुम्ही त्या नायकाला मरताना याच्या दसपट बोलू दिलंत."

"म्हणजे सगळ्यांना कळेल."

"काय कळेल?"

समीक्षकांनी खुर्चीच्या हातावरून बोटे फिरवली. मग म्हणाले, "सव्वीस वर्षांचं नाव आहे, अगं."

"आणि मी काय, खुर्चीचा हात?"

सिस्टरांनी पेनाला टोपण लावले आणि ते त्यांच्या मुठीत दिले. "घ्या. ज्याचं मत त्यानं लिहावं."

समीक्षकही पेटले होते. त्यांनी चाचपडत टेबल गाठले, कागद ओढला आणि लिहू लागले. पहिली ओळ बरी आली. दुसरी पहिलीवर चढली. तिसरी त्या दोघींना भेदून कागदाच्या कडेवरून टेबलावर उतरली आणि लाकडावर थोडी चालून थांबली. कागद सरळ करून द्यायला सिस्टरांचा हात आपोआप पुढे झाला होता. त्यांनी तो दुसऱ्या हाताने दाबून धरला.

"वाच," समीक्षक कागद पुढे करत म्हणाले.

सिस्टरांनी कागद उजेडात धरला. त्या काळ्या गुंत्यातून हवे ते वाचून दाखवता आले असते. त्यांना हवी असलेली तीन वाक्येसुद्धा.

"वाचता येत नाही," त्या म्हणाल्या.

"मुद्दाम म्हणतेस."

"मुद्दाम एकदाच केलं. हे खरंच वाचता येत नाही हो."

शेवटचा 'हो' थोडा मऊ निघाला, याचा त्यांना रागच आला. त्यांनी कागदाची घडी घातली आणि ती समीक्षकांच्या खिशात ठेवली.

"मग तू लिही," समीक्षक म्हणाले. "मी सांगतो."

"सांगा."

समीक्षकांचे ओठ दोनदा हलले. शब्द फुटला नाही.

सिस्टरांनी त्या आठवड्यात आलेल्या पुस्तकांतले वरचे उचलले, खिडकीजवळची खुर्ची ओढली आणि वाचायला बसल्या. मनातल्या मनात.

"सुरू केलंस का? ऐकू येत नाहीये."

"मी वाचतेय."

पान उलटले. मग आणखी एक. कुठेतरी सिस्टर खुदकन हसल्या.

"काय झालं?"

पाने झरझर उलटू लागली. समीक्षक मोजत होते, तेरा, चौदा. पंधराव्यानंतर आवाज थांबला. एक मिनिट गेले, दोन गेली, पान काही उलटेना. समीक्षक खुर्चीत थोडे पुढे सरकले, कान त्या दिशेला केला आणि श्वास रोखून बसले.