दोनच मिनिटं

या शहरात राहण्यातलं सगळ्यात नकोसं काय, असं विचारलं तर समोरच्या वहिनी म्हणतील धूळ. गल्लीतल्या ड्रायव्हर भावजींनी उभा जन्म बस हाकली, ते म्हणतील भोंगे. आमचे हे म्हणतील पाणी, कारण ते कधी येईल याचा नेम नाही. मला विचाराल, तर "दोनच मिनिटं" म्हणत गाडी वाटेत सोडून जाणारी माणसं. ती मला डोळ्यांसमोरसुद्धा नकोत. आणि गंमत बघा, माझं पोट गाड्यांवरच चालतं. मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते.

आमची गल्ली म्हणजे बोळच. दोन्ही बाजूंना गाड्या, आणि जागा संपली की तोंडाशी आडव्या. त्यासाठी आम्ही आमचाच एक कायदा केलाय. आडवी लावायची तर गिअर काढून, हँडब्रेक न ओढता, चाकाखाली विटेचा तुकडा ठेवून. ज्याला जायचं असेल त्याने वीट काढावी, गाडी ढकलावी, जावं. मालकाच्या नावाने हाका मारायच्या नाहीत, कुणाची झोप मोडायची नाही. गल्लीतल्या शेंबड्या पोरांनाही हे ठाऊक आहे.

त्या दुपारी हे जेवून खुर्चीत बसले होते आणि मी मशीनवर होते. मागून आवाज आला, "अगं, छातीत कसंतरी होतंय." वळून बघते तर चेहरा पांढराफटक, सदरा घामाने चिंब. अँब्युलन्सला फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, अ‍ॅस्पिरिन असेल तर एक गोळी चघळायला द्या आणि त्यांना चालवू नका. घरात गोळी कुठली! मग मुलाला फोन लावला. तो लग्नानंतर नव्या वस्तीत राहतो, पण त्या दिवशी कामासाठी इकडेच आला होता.

"येताना गोळी घे आणि पळत ये," म्हटलं.

"आलोच आई. तू घाबरू नकोस."

घाबरू नकोस म्हणे! ह्यांचा श्वास खुर्चीतून मला ऐकू येत होता.

सायरन ऐकू आला, जवळ आला, आणि तिथेच थांबला. नुसता ओरडतोय, पुढे सरकत नाही. वहिनींना ह्यांच्यापाशी बसवलं आणि मी जिना उतरले, कशी ते मला आठवत नाही.

गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी गाडी आडवी उभी होती. नवीकोरी, लखलखीत. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला आमच्या गाड्या. अँब्युलन्समधला एक जण बॅग घेऊन अंग चोरून आत शिरला आणि आमच्या घराकडे पळाला, पण स्ट्रेचर काही जाईना. भावजी वीट काढायला वाकले आणि तसेच उठले.

"वीटच नाही हो!"

चौघांनी खांदा लावला. गाडी जागची हलेना.

"हँडब्रेक ओढलाय! बाहेरचा आहे कुणीतरी!"

मग जो तो बोलू लागला. कुणी त्याच्या अकलेचे वाभाडे काढले, कुणी त्याचं कूळ उद्धारलं. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. "आईबापांनी काही वळण लावलंय की नाही मेल्याला? माझा माणूस तिकडे मरतोय!" असं मी त्या रिकाम्या गाडीला ओरडून सांगत होते. वेड्यासारखं टपावर हात आपटत होते.

खालच्या मजल्यावरचा प्लंबर हातोडी घेऊन आला. उगारली, आणि थबकला. "दुसऱ्याची गाडी आहे, काकू."

"आण इकडे," म्हटलं, आणि घातली काचेवर.

गाडी बोंबलायला लागली. मी आत हात घालून दार उघडलं, सीटवर गुडघा टेकला आणि ब्रेकचा दांडा खाली केला. दुसरा हात आधाराला सीटवर होता. राखाडी कव्हर, त्याला कडेने तपकिरी मगजी. मगजीचा जोड मी सीटच्या आतल्या कोपऱ्यात लपवते आणि त्यावर एक आडवा टाका घालते. तसा कुणी घालत नाही. बोट नेमकं तिथेच गेलं.

गेल्या महिन्यात शिवलेलं कव्हर होतं ते. मुलाच्या नव्या गाडीचं. गाडी मी एकदाच पाहिली होती, त्यांच्या इमारतीच्या तळघरात, जिथे प्रत्येकाची जागा आखलेली असते आणि उतारामुळे हँडब्रेक ओढावाच लागतो.

"वहिनी, सुटला का?" भावजींनी मला विचारलं.

"सुटला. ढकला," मी म्हटलं.

गाडी सरकली, अँब्युलन्स आत गेली. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाकडून मुलगा धावत आला. मुठीत गोळ्यांची पट्टी. त्याने फुटलेली काच पाहिली, माझ्या हातातली हातोडी पाहिली, मग सायरनच्या दिशेने पाहिलं.

"आई, दोनच मिनिटं लावली होती गं. दुकानात रांग होती."

मघाशी शिव्या देणारी माणसं जमिनीकडे बघू लागली. मी त्याचा दंड धरला आणि त्याला ओढतच अँब्युलन्सकडे नेलं. त्याला मारावं की पोटाशी धरावं, मला खरंच कळत नव्हतं.

हे वाचले. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर हृदयाला एवढी इजा झाली नसती. मुलगा शेजारीच उभा होता. पुढचे दोन दिवस तो जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी भावजी दवाखान्यात भेटायला आले. ह्यांच्या आवाजात अजून जोर नव्हता, पण चौकशा सुरू झाल्या होत्या. "काय हो, अँब्युलन्स गल्लीत अडली होती म्हणे. कोण होता तो गाडीवाला?"

भावजींनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीशी बसलेल्या मुलाकडे. लहानपणी याच मुलाला त्यांनी बसमध्ये मांडीवर बसवून भोंगा वाजवू दिला होता.

"बाहेरचा होता कुणीतरी," भावजी म्हणाले. "आपल्या गल्लीतला असं करेल का?"

मुलगा उठला आणि खोलीबाहेर गेला.