माझ्यासाठी खणलेला खड्डा

मी बोलतोय. इकडेतिकडे पाहू नका, खाली पाहा. लिहायच्या टेबलाखाली पायपुसण्यावर ऐसपैस पसरलेला जाडजूड करडा बोका दिसतोय ना, तोच मी. या घरातल्या कादंबरीकार बाई मला राजा म्हणतात. त्यांचे यजमान दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. ते मला फुकट्या म्हणतात. वाटीचा आवाज आला की मी दोन्ही नावांना ओ देतो.

माझा जन्म शेजारच्या गॅरेजमध्ये, एका जुन्या टायरच्या पोटात झाला. भावंडं धडपडी निघाली, उंदीर मारून पोटापाण्याला लागली. मी उघड्या खिडकीतून या खोलीत आलो आणि टेबलावरच्या कोऱ्या कागदांवर ताणून दिली. त्याच दिवशी बाईंना पहिली कादंबरी सुचली, आणि माझी आयुष्यभराची सोय झाली.

बाईंना प्राण्याशिवाय कादंबरी लिहिता येत नाही, आणि प्राणी समोर असल्याशिवाय तो लिहिता येत नाही. समोर मी एकटाच. त्यामुळे पहिल्या कादंबरीतला पोपट मी, दुसरीतला म्हातारा घोडाही मीच. बाई प्राणी बदलतात, स्वभाव माझाच ठेवतात. म्हणून त्यांचा घोडा खिडकीच्या कट्ट्यावर चढून बसतो आणि पोपट सोफ्याला नखं घासतो. वाचकांना हे फार आवडतं म्हणे.

डॉक्टरांना मात्र या गोष्टीचं मनातून वाईट वाटतं.

"अगं, इतकी पुस्तकं झाली," ते चहा पिताना म्हणतात, "एखाद्यात मला घाल की. कुणाची दाढ काढायला का होईना."

"बघू हं," बाई म्हणतात आणि माझ्याकडे बघत लिहू लागतात.

मला मात्र पुस्तकात बोका म्हणूनच जायची धास्ती होती. मध्यंतरी काही दिवस आमच्याकडे काचेच्या भांड्यात एक सोनेरी मासा होता. बाईंनी त्याला एका कादंबरीत मारला आणि थोड्याच दिवसांत तो खरोखर पोट वर करून तरंगला. डॉक्टरांनी संशयाने माझ्याकडे पाहिलं. मी भांड्यातलं पाणी तेवढं अधूनमधून प्यायचो, बाकी माझा काही संबंध नाही. पण तेव्हाच मी मनाशी खूणगाठ बांधली: बाईंच्या कादंबरीत जो मेला, तो गेलाच.

आणि एक दिवस प्रकाशक आले.

"मागच्या पुस्तकात कुणी रडलंच नाही हो," ते म्हणाले. "या वेळी कुणाला तरी जाऊ द्या."

"कुणाला?" बाईंनी विचारलं, आणि दोघांनी एकदमच टेबलाखाली पाहिलं. नेमकं याच पुस्तकात बाईंनी मला बोका म्हणून घेतलं होतं. मी हळूच शेपूट पोटाखाली ओढून घेतलं. जेवलो मी नेहमीसारखाच, पण शेपूट काही बाहेर काढलं नाही.

जीव वाचवायला मी काय नाही केलं? मी लिहिलेल्या कागदांवर ठाण मांडलं. बाईंनी लगेच लिहिलं, "अखेरचे दिवस जवळ आले तसा तो कागदांना बिलगून बसू लागला." मी त्यांचा चहा लवंडला. त्यांनी लिहिलं, "त्याचे पाय आता थरथरू लागले होते." मग मी नाद सोडला आणि झोपलो.

रडण्याचा प्रसंग असला की बाई तो आधी स्वतः करून पाहतात, मगच कागदावर उतरवतात. त्या दुपारी त्यांनी मला वाटीभर साय दिली, मी गाढ झोपल्यावर पांढऱ्या टॉवेलवर ठेवलं, गळ्यापर्यंत पांघरूण घातलं आणि शेजारी बसून हुंदके देऊ लागल्या.

"राजा, गेलास ना रे मला टाकून!"

माझा एक कान जागा होता. पण साय पोटात असताना हलावं असं काही कारण मला दिसलं नाही.

तेवढ्यात डॉक्टर भाजी घेऊन आले. ते दारातच थांबले. त्यांनी पिशवी खाली ठेवली, चष्मा काढून पुसला आणि ते मागच्या अंगणात गेले. थोड्या वेळाने मला खणण्याचा आवाज आला, म्हणून उठून बघायला गेलो.

डॉक्टर आपले दुखरे गुडघे टेकून कुंपणाशी खड्डा खणत होते. दाढ काढल्यावर करतात तसा तो आतून नीट साफ करत होते, एकही खडा राहू देत नव्हते. "फुकट्या," ते नाक ओढत म्हणाले, "मला न सांगता गेलास होय रे." मला पहिल्यांदाच त्यांच्याविषयी फार जिव्हाळा वाटला.

पण माती मऊ होती, ताजी होती, आणि मी शेवटी मांजर आहे. मी खड्ड्यात उतरलो, बसलो, आणि त्या मातीचा जो उपयोग कुठलंही मांजर करेल, तोच केला.

डॉक्टर बघतच राहिले. मग त्यांनी मला तशाच अवस्थेत उचलून छातीशी धरलं. खिडकीत बाई उभ्या होत्या. त्या हसता हसता रडत होत्या, आणि या खेपेस ते करून पाहणं नव्हतं. संध्याकाळी माझ्या मरणाचं प्रकरण त्यांनी फाडून टाकलं.

पुस्तक परवा छापून आलं. त्यातला बोका ठणठणीत आहे. शिवाय एक म्हातारा कुत्रा आहे. बोका मेला असं समजून तो रडत रडत त्याच्यासाठी खड्डा उकरतो. डॉक्टरांनी ते पान दोनदा वाचलं आणि डोळे पुसले.

"अगं, हा कुत्रा कुठून आणलास? फार गुणी आहे," ते म्हणाले. "पण कुत्र्याचे गुडघे दुखतात होय?"

"दुखतात एखाद्याचे," बाई म्हणाल्या.

आता माझी सायीची वाटी डॉक्टरच भरतात, तेव्हा माझं काही मागणं उरलेलं नाही. एकच विनंती आहे. ते कुठे भेटले, तर तो कुत्रा कोण हे त्यांना सांगू नका. काल चहा पिताना त्यांनी पुन्हा विचारलं, पुढच्या पुस्तकात तरी मला घेशील का. बाईंनी त्यांच्या कपात थोडं दूध जास्त घातलं आणि म्हणाल्या, "बघू हं."