गुळगुळीत तारा

धाकट्या मुलीला जुळी झाली, त्या वर्षी मी या घरात आले. त्याच वर्षी मालकांनी पावाच्या भट्टीवरचे काम सोडले होते. जन्मभर पीठ मळलेले त्यांचे हात एकदम रिकामे झाले. खुर्चीत बसल्या बसल्या ते आपल्याच गुडघ्यांवर मुठी दाबत राहायचे. बाईंना ते बघवेना. मुलीकडून परत येताना त्या मला घेऊनच आल्या. "हे घ्या," त्या म्हणाल्या, "मळायचंच असेल तर हिला मळा. त्या गुडघ्यांचा जीव जाईल."

मित्रांनो, मी एक गिटार आहे. आता जुनी झाले आहे. पुढची फळी फिक्या लाकडाची, पाठ तांबूस लाकडाची, आणि पोटात नुसता पोकळपणा. ज्या कारागिराने मला घडवले, तो फळी तासताना मध्येच थांबायचा, बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक करायचा आणि कान लावायचा. त्याला हवा तसा नाद आला तेव्हाच त्याने रंधा खाली ठेवला. पुढे दुकानाच्या काचेमागे मी बरेच दिवस टांगून होते. समोरून माणसे जायची, काचेत आपले केस नीट करायची आणि पुढे निघायची. माझ्याकडे बघून माझ्याकडे न बघणारी ती माणसे मला अजून आठवतात.

मालक शिकले ते हळूहळू, पुस्तकातली चित्रे बघून. बोटे जाड, त्यामुळे एक तार दाबायला जावे तर दोन दबायच्या. पण भट्टीवरच्या माणसाला घाई ठाऊक नसते. पीठ फुगायचे तेव्हाच फुगते. दोन वर्षांत ते चार गाणी धड वाजवू लागले, आणि ती चारच पुढे आयुष्यभर वाजवली.

एक खोड मात्र जाईना. माझ्या खालच्या दोन तारा बारीक आणि साध्या पोलादी असतात. वरच्या चार जाड तारांवर मात्र पितळी तारेचे बारीक वेटोळे असते. त्यावरून बोट सरकले की 'चुंई' असा आवाज होतो. चांगला वाजवणारा बोट उचलून ठेवतो. मालक बोट ओढत न्यायचे. गाण्यात दर थोड्या वेळाने चुंई, चुंई.

"अहो, तुमच्या गाण्यात उंदीर झालेत," बाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या.

"तू मांजर हो आणि ये!"

"मला कामं आहेत. तुम्हीच पकडा."

त्या काळात माझे कौतुक होते. वाजवून झाले की बाई पदराच्या टोकाने माझ्या तारा पुसायच्या, कारण मालकांचे हात फार घामट. घाम राहिला की तारा काळ्या पडतात, मग त्यांचा गळा बसतो. इतरांच्या घरी ज्या तारा चार महिने चालतात, त्या आमच्याकडे महिन्याभरात बोलेनाशा व्हायच्या.

मग बाईंच्या पायांनी साथ सोडली. आधी एक पाय, नंतर दुसरा. पलंग खिडकीशी लावला आणि बाईंचे जग त्या पलंगाएवढे झाले. माझ्या तारा पुसणारे कोणी उरले नाही. मालक स्वयंपाक करायचे, बाईंना उठवून बसवायचे, केस विंचरून द्यायचे आणि उरलेल्या वेळात बाजूच्या खोलीत मला घेऊन बसायचे. औषधे किंवा भाजी आणायला बाहेर जावे लागले, की बाईंना घर भकास वाटू नये म्हणून त्याच खोलीतला रेडिओ लावून जायचे. आले की रेडिओ बंद. बाईंना काही हवे असले तर त्या हाक मारायच्या. पण रेडिओ चालू असताना कधीच नाही. रेडिओ चालू म्हणजे घरात कोणी नाही. हे त्या दोघांनी कधी ठरवले नव्हते. ते आपोआप झाले होते, आणि आपोआप झालेली गोष्ट माणूस ध्यानात ठेवत नाही.

एकदा माझ्या तारा अगदीच गंजल्या. मालक मला पाठीवर टाकून दुकानात गेले. चष्मा कपाळावर चढवून बसलेला दुकानदार माझ्या तारांवरून बोट फिरवून म्हणाला, "काका, तारा आहेत की कुंपण?"

"हात घामट आहेत रे बाबा."

"मग साध्या कशाला लावता? लेपाच्या लावा." त्याने दोन पुड्या समोर ठेवल्या. "ह्यांच्यावर प्लॅस्टिकसारखा पातळ लेप असतो. घाम आत जातच नाही. आवाज किंचित मऊ येतो, साध्या तारांइतका खणखणीत नाही. पण टिकतात तिप्पट. आणि बोट सरकताना चुंई होत नाही."

मालक एकदम पुढे वाकले. "उंदीर जातील?"

"कुठले उंदीर?"

"अरे, ते चुंई!"

"जवळजवळ जातीलच."

मालक त्या दिवशी घरी आले ते लग्नाला निघाल्यासारखे. बाईंना काही सांगितले नाही. त्यांना अचंबित करायचे होते. नव्या तारा चढवल्या, सूर लावला आणि ते वाजवू लागले. खरे सांगते मित्रांनो, माझा आवाज इतका चांगला कधी आला नव्हता. तेलातून बोट फिरावे तसा, कुठे खरखर नाही, कुठे अडकणे नाही. मालक हाकेची वाट बघत होते. आतून शब्द आला नाही. झोप लागली असेल, असे ते म्हणाले, आणि आपल्याच वाजवण्यावर खूश होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

तेवढ्यात माझ्या पोटात एक दणका घुमला. मालकांच्या कानांआधी तो फरशीवरून, खुर्चीच्या पायांतून माझ्या लाकडाला कळला. मालकांनी तळहात टाकून तारा दाबल्या, कान दिला आणि मला तशीच जमिनीवर टाकून धावले.

बाई पलंगावरून खाली पडल्या होत्या. हात पाण्याच्या तांब्याकडे पसरलेला, मनगट वाकडे झालेले.

"अगं, हाक नाही का मारायची? मी इथेच तर होतो!"

"इथे?" बाई त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. "रेडिओ लागला होता ना. म्हटलं, तुम्ही पुन्हा बाहेर गेलात. रिकाम्या घराला काय हाक मारायची? तहान लागली होती फार. वाट बघितली, मग म्हटलं बघू उठता येतंय का."

"तो रेडिओ नव्हता. मी वाजवत होतो."

"तुम्ही? छे. तुमचं वाजवणं मला कळत नाही का? त्यात एकही उंदीर नव्हता."

मालक खालीच बसले. बाईंचे डोके मांडीवर घेऊन त्यांनी पाणी पाजले. पलीकडच्या खोलीत मी पालथी पडले होते.

डॉक्टर येऊन मनगट बांधून गेले. शेजारची काकू बाईंपाशी बसली, तेव्हा मालक मला घेऊन पुन्हा दुकानात गेले.

"साध्या दे."

"काका, ह्या तर कोऱ्या आहेत! आवाज नाही आवडला?"

"आवाज चांगला आहे. फारच चांगला आहे."

"मग?"

"घरी ओळखत नाहीत."

दुकानदाराने चष्मा डोळ्यांवर घेतला, मालकांच्या तोंडाकडे पाहिले आणि साध्या तारांची पुडी काढली.

त्या संध्याकाळी मालक बाजूच्या खोलीत बसले आणि मुद्दाम बोटे ओढत वाजवू लागले. चुंई, चुंई. पहिले गाणे अर्धे होते न होते तोच आतून आवाज आला, "आहात होय घरी? मग या इकडे. उशी सरकली आहे."

मालक उठताना हसत होते, आणि डोळे बाहीला पुसत होते.

पुढे तारा गंजत राहिल्या आणि मालक त्या बदलत राहिले. बाई असेपर्यंत माझ्यावर साध्यांशिवाय दुसऱ्या तारा चढल्या नाहीत.

आता मी भिंतीवर आहे. मालकांनी नंतर मला एकदाच हातात घेतले. एक गाणे निम्मे वाजवले, थांबले, दाराकडे बघत बसले. मग मला खुंटीला अडकवले. माझ्या तारा काळ्या पडल्या, आणि त्यांच्या ताणाने माझी मान थोडी पुढे वाकली आहे. धाकटी येते तेव्हा म्हणते, "बाबा, लेपाच्या तारा लावू या ना हिला. टिकतील तरी." मालक म्हणतात, "बघू." कधी रस्त्यावरून जड गाडी गेली की माझी एखादी तार आपोआप थरथरते. मालक वर बघतात, मी खाली बघते. एका खोलीत आम्ही दोघे असतो, पण सोबत होत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी कोणी असेल, तर वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तिच्या तारा पुसा. फार दिवस वाजवणार नसाल तर ताण सैल करून ठेवा. आणि नव्या तारा आणायला निघाल, तेव्हा आधी घरात ऐकणारे कोण आहे त्याला विचारा. कुठली तार किती टिकते, ते दुकानदार सांगेल. तुमच्या घरात कोण कशाला कान लावून पडले आहे, ते त्याला कसे कळावे?

बाई गेल्या त्याला आता तीन वर्षे झाली. समोरचा रस्ता रुंद करायला घेतला होता, त्या हिवाळ्यात, एका मंगळवारी दुपारी त्या गेल्या. मालक घरीच होते, आणि बाईंना ते ठाऊक होते.