बापाच्या बंदुकीचं माप

"यावर तुमच्यापैकी एकजणही विश्वास ठेवणार नाही, लिहून घ्या," असं म्हणत ओरिन हास्केटने कॉफीचा मग पुढे सारला. मोंटानातल्या त्या खानावळीत रोज सकाळी जमणाऱ्या टेबलाला हे वाक्य पाठ होतं. फरक इतकाच, की आज शेजारी त्याची थोरली बहीण हेस्टर तळलेले बटाटे खात बसली होती आणि काही बोलत नव्हती. ओरिनने हा शुभशकुन मानला.

गोष्ट बापाच्या बंदुकीची. तिचं काडतूस दुकानांतून गेलं त्याला जमाना झाला, म्हणजे ते घरीच भरायचं. जुन्या पितळी नळ्या होत्या, ठिणगी पाडणाऱ्या टोप्या होत्या, गोळ्या होत्या, भरायचं यंत्र होतं. नव्हतं फक्त माप: बंदुकीची दारू कुठली आणि किती. रस्सा अंदाजाने होतो, काडतूस होत नाही. जरा हात सैल सुटला की बंदूक तोंडावर फुटते.

घाई होती ती हेस्टरमुळे. बंदुकीत अर्धा वाटा तिचा. या शिकारीच्या हंगामात बंदूक वाजली नाही तर संग्रहालयाला देऊन टाकायची, असं ठरलेलं. तिथे तिची बार उडवणारी कळ काढून घेतली असती आणि भुसा भरलेल्या कोल्ह्याशेजारी काचेत टांगली असती.

बापाची वही होती की. अकरा वर्षांच्या शिकारी तिच्यात होत्या: वारा कुठला, जनावर केवढं, डबा कोण विसरलं, सगळं. आणि दारूच्या रकान्यात दर वेळी एकच शब्द: 'नेहमीचंच'.

"बाबाच ते," हेस्टर म्हणाली होती. "आईला पत्रं लिहायचे तीही अशीच."

नव्या पुस्तकांत त्या काडतुसाचं नावही नव्हतं. गावच्या बंदूक दुरुस्त करणाऱ्याच्या विधवेने माळ्यावरून जुनं पुस्तक काढून दिलं. त्यात माप होतं, पण ज्या दारूचं होतं ती बनायची कधीच बंद झालेली. मग संगणकावरच्या बंदूकवाल्यांच्या गप्पांत 'म्हातारा बिज्जू' असं नाव लावणाऱ्या कुणीतरी पटकन एक आकडा देऊन टाकला. ओरिनने तराजू पुसला. कॉफी निवेपर्यंत आकड्याकडे बघत बसला. ज्याखाली खरं नाव नाही ते माप नळीत घालायचं नाही, ही बापाची शिकवण. त्याने तराजू परत कपाटात ठेवला. टेबलाला मात्र तो सांगत होता, की आपण क्षणभरही डळमळलो नाही.

हंगामाला नऊ दिवस उरले, तेव्हा त्याने दारूच्या कारखान्यात फोन लावला. पलीकडच्या बाईंनी काडतूस विचारलं, बंदुकीच्या नळीची लांबी विचारली आणि जुने कागद चाळायला लागल्या.

"आम्ही तपासलंय हे," बाई म्हणाल्या. "छापलं नाही कधी. विचारतंय कोण?"

त्याने माप सहीनिशी लिहून पाठवायची विनंती केली. गुरुवारी कागद आला, खाली सही, नाव, तारीख. टपालपेटीपाशी उभ्याने वाचून तो तिथेच खडीवर बसला. किती वेळ, ते त्याने कुणाला सांगितलं नाही, आजही नाही.

कागदावरच्या सगळ्यात कमी मापापासून सुरुवात. बंदूक जुन्या टायरला बांधली, दोघं गाडीआड दडली आणि ओरिनने चापाला बांधलेली दोरी ओढली. बार झाला. पितळी नळी बाहेर आली ती धड, ना चीर, ना फुगवटा. हेस्टर तोंडावर हात धरून हसत सुटली. बाबा गेल्यापासून ती अशी हसली नव्हती.

इथवर सगळं खरं होतं. टेबलही शांतपणे ऐकत होतं, आणि अशी शांतता ओरिनला सोसत नाही. मग त्याच्या गोष्टीत एल्क नावाचं थोराड सांबर आलं, तीन टेकड्यांपलीकडे. ओरिनने एका डोळ्याने नेम धरला, कारण दुसऱ्याने तो हवामान बघत होता. जनावर इतकं लांब, की चालत पोचेपर्यंत त्याच्या शिंगाला आणखी एक फाटा फुटला.

"आणि गोळी, सांगतो काय, माझी गोळी बरोब्बर..."

हेस्टरने काटा खाली ठेवला.

"ओरिन, गोळी मी झाडली. तू गाडीत घोरत होतास."