दोघांचं मिळून एकशे एक्क्याऐंशी

भाऊजी अकरा वर्षं उंच इमारतींच्या काचा पुसत होते आणि अकरा वर्षं त्यांना उंचीची भीती वाटत होती. हे गुपित त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. इमारतीवरून दोरांनी लटकणाऱ्या झुल्यात शेजारी मेहुणा असायचा आणि तो वर जाताना सुरू झाला की खाली येईपर्यंत त्याच्या तोंडाला विश्रांती नसे, त्यामुळे खाली बघायला भाऊजींना सवडच मिळायची नाही. कामावर मेहुण्याला सगळे पोपट म्हणत. भाऊजींचा सगळा धीर त्या पोपटाच्या चोचीत होता.

तर एका सकाळी नव्या सुपरवायझरबाईंनी दोघांना गोदामातल्या मालाच्या काट्यावर एकदमच उभं केलं.

"एकशे पंच्याऐंशी," बाई म्हणाल्या. "झुल्याला दोनशे किलो चालतात. त्यातले एकोणीस बादल्या, पाणी आणि कमरेच्या सुरक्षा-पट्ट्यांचे. म्हणजे तुमचं मिळून एकशे एक्क्याऐंशीच हवं. दोन महिने देते. नाही जमलं तर जोड्या बदलणार."

भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या जोडीतला गडी दिवसभरात तीन शब्द बोलायचा, त्यातले दोन 'हं' असत.

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर फोन ठेवून दोघं बसले. रोज किती कॅलरी खायच्या हे सांगणारा तक्ता होता त्यात. पोपट विचारायचा, भाऊजी ठरवायचे.

"वजन?"

"बाईंनी सांगितलं तेच. एकशे पंच्याऐंशी."

"वय?"

"तुझं बेचाळीस, माझं चव्वेचाळीस. मधलं घाल."

"उंची? तीही मिळून?"

"वेडा आहेस का? उंची कधी काट्यावर चढते? आपली सारखीच आहे, एकदाच घाल."

फोनने क्षणभर विचार केला आणि सांगितलं, वजन हळूहळू उतरवायचं तर रोज तीन हजार दोनशे साठ. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. एवढी मुभा असेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मग काय, दोघांनी मोठ्या निष्ठेने डाएट सुरू केलं. भाऊजी रोज रात्री वहीत बेरीज करायचे आणि दोनशे कमी पडले की निमूटपणे उठून लोणी लावलेला पाव खायचे. जिवावर यायचं, पण शिस्त म्हणजे शिस्त. कधीकधी पोपट आपल्या घरून फोन करायचा, "भाऊजी, माझे दीडशे राहिलेत, आता जात नाही हो," आणि भाऊजी त्याला दटावून दोन केळी खायला लावायचे.

दोन आठवड्यांनी काट्याने एकशे सत्त्याऐंशी दाखवले.

"काटा बिघडलाय," पोपट म्हणाला.

भाऊजींची बायको, म्हणजे पोपटाची ताई, कपडे शिवायचं काम करायची; मापाच्या बाबतीत तिला कुणी फसवू शकत नसे. नवऱ्याच्या पँटचं बटण तिसऱ्यांदा लावताना तिने फोन मागितला. बघितलं. परत बघितलं.

"अहो, हा एकशे पंच्याऐंशी किलोचा माणूस कोण?"

"आम्ही," भाऊजी म्हणाले.

"आणि त्याचं जेवण कोण जेवतं?"

"मी," भाऊजी म्हणाले. "आणि पोपटही."

ती जी हसत सुटली, ती सुई खाली ठेवून जमिनीवरच बसली. पोपटाला आधी कळेना, मग कळलं, आणि त्याची मुरकुंडी वळली. भाऊजींना हसूही येईना आणि रडूही, कारण दोन आठवडे पाण्यात गेले होते. पण बायकोने डोळे पुसत "अहो, मिळून फक्त झुल्यात" असं म्हटलं, आणि त्यांनाही हसू फुटलं.

तिने दोघांची गणितं वेगवेगळी मांडली. प्रत्येकी दोन हजारांच्या जरा खाली. लोणी कपाटात गेलं. पुढचे सहा आठवडे घरात बटाटे मोजून उकडले गेले, आणि भाऊजी रिकाम्या बशीकडे असे बघायचे की बायकोला तोंड फिरवून हसावं लागायचं.

शेवटच्या दिवशी दोघं काट्यावर एकमेकांना घट्ट धरून उभे राहिले. पोपटाला हसू फुटलं, भाऊजींना लागण झाली, आणि काट्यावरचे आकडे नाचायला लागले.

"हसू नका," बाई म्हणाल्या. "वाचता येत नाही."

त्यामुळे आणखीनच हसू फुटलं. अखेर दोघांनी श्वास कोंडून धरला. एकशे एक्क्याऐंशी. बाईंनी सही केली. भाऊजींनी पोपटाला तिथेच मिठी मारली.

झुला वर निघाला तेव्हा आनंदाच्या भरात भाऊजी बोलून गेले, "एक सांगू? तू नसतास तर मला वर यायला जमलं नसतं. मला भीती वाटते."

"माहीत आहे," पोपट म्हणाला. "पहिल्याच दिवशी कळलं. मी थांबलो की तुमचे हात पांढरे पडतात. म्हणून तर बोलतो. नाहीतर मला कुठे बोलायला आवडतं? ताईला विचारा, घरी मी कधी बोललोय?"

भाऊजींना भरून आलं. अकरा वर्षं या माणसाने आपल्यासाठी तोंड चालवलं.

"मग आज गप्प बस," ते म्हणाले. "आज माझ्याकडून सुट्टी."

पोपटाने खुशीत मान हलवली आणि ओठ मिटले. पहिला मजला गेला. दुसरा गेला. तिसऱ्यावर वारा जरा जोरात आला.

"पोपट," भाऊजी म्हणाले, "बोल रे बाबा काहीतरी."