इंग्लंडच्या दुकानात गीताबाईचं भांडण

सव्वीस वर्सं झाली मला संगमनेरच्या बाजारात भाजी इकताना. पारड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटवनारा मी पाहिलाय, काट्यावर हळूच अंगठा टेकवनारा पाहिलाय, आनि वर लालबुंद अन् खाली डागी माल घालनारा तर माझ्या शेजारीच बसतो. श्रीमंत त्याचं नाव, डाळिंबं इकतो. "गीताबाई, वरचं बाजारात दिसतं, खालचं घरी गेल्यावर दिसतं," असं म्हनून दात काढतो मेला. मी पन काय धुतल्या तांदळाची न्हाई. उन्हाळ्यात गवारीवर पानी मारताना एखादा तांब्या जास्तीचा पडला असंल. खोटं कशाला बोलू?

असल्या आईच्या पोटी यशोधरा कशी जन्मली, देव जाने. न्हानपनापास्नं नाकासमोर चालनारी. रिक्षावाल्यानं दहा रुपये जास्त मागितले तर ती वीस द्यायची आनि वरनं त्यालाच "थँक्यू" म्हनायची. अभ्यासात मात्र लई हुशार. नर्स झाली, इंग्रजीची परीक्षा पास झाली आनि मागच्या सप्टेंबरात इंग्लंडला गेली. तिच्या गावाचं नाव मला नीट घेता येत न्हाई, आनि त्या गावाला माझं. फिटंफाट.

जानेवारीत एके दिवशी तिचा फोन आला. आवाज बारीक.

"आई, मी मार्च संपला की परत येते. कायमची."

"का गं? काम जड पडतंय का?"

"काम नाही गं जड. पण इथं कुणी काही म्हणालं की माझ्या तोंडातून शब्दच फुटत नाही. सगळे रविवार मलाच लावतात. मी हो म्हणते आणि खोलीवर येऊन रडते."

यशोधराचा बाप, भीमराज, एसटीत कंडक्टर हुता. आता रिटायर झालाय. तो ऐकत हुता. म्हनला, "यायचं तर खुशाल यावं तिनं. पन हरून नको यायला."

मला? मला आतून बरंच वाटलं. पोरगी घरी येनार, माझ्या हातची बाजरीची भाकर खानार, रोज डोळ्यासमोर ऱ्हानार. कोन्या आईला नको वाटंल? पन ती तोंड पाडून येनार, ह्यानं मला घास गोड लागंना. असं दोन्हीकडनं मन वडत हुतं.

आता बाजाराची गोष्ट. यशोधरा शनिवारी सकाळी तिथल्या मोठ्या दुकानात सामान आनायला जायची. त्या टायमाला आपल्याकडं दुपारचे तीन वाजलेले असतात आनि मी बाजारात बसलेली असते. एकटीचा जीव रमत न्हाई म्हनून ती व्हिडिओ कॉल लावायची. मी मोबाईल काकड्यांच्या ढिगाला टेकवून ठेवायची. एका डोळ्यानं गिऱ्हाईक, एका डोळ्यानं इंग्लंड.

दुकान म्हंजी काय सांगू! आपला आख्खा बाजार त्यात मावंल आनि तरी जागा उरंल. पन वरडनारं कोनी न्हाई. भाव सांगनारं न्हाई, भाव पाडनारं न्हाई. मानसं मयताला आल्यागत गुपचूप फिरत्यात.

पहिल्याच शनिवारी तिनं स्ट्रॉबेरीचा डबा दाखवला. "आई, बघ किती छान."

"उलटा कर," मी म्हनले.

"काय?"

"डबा उलटा कर गं! बूड दाखव मला."

तिनं इकडंतिकडं बघून डबा उलटा केला. खाली दोन फळांना पांढरी बुरशी धरलेली. श्रीमंत मान लांब करून बघत हुता. "आयला, आपलाच भाऊ दिसतोय तिकडं!" तो म्हनला, आनि आमी दोघं एवढं हसलो की गिऱ्हाईक वांगी टाकून बघाय लागलं.

मंग मला चेवच आला. दर शनिवारी मी तिची शिकवनी घ्यायची. बिस्किटाचा पुडा हालवून बघ, निम्मी हवाच हाय. त्या डब्याच्या बुडाला खालनं बोट लाव, बूड आत दाबून केवढा खड्डा केलाय बघ, तेवढा माल कमी. मोठ्या पिशवीतला तांदूळ स्वस्त असंल असं धरून चालू नको. पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात किलोचा भाव दिलाय, तो वाच. तिनं वाचला, तर मोठी पिशवीच महाग! एकदा म्हनली, "आई, कॉफीचा जुना भाव खोडून नवा लावलाय, बरीच उतरलीय." मी म्हनले, "मागच्या तीन शनवारी तूच मला हाच भाव वाचून दाखवलाय. मंग तो खोडलेला भाव हुता तरी कवा?" ती पाटीकडं बघतच ऱ्हायली. एवढ्या शिकलेल्या मानसांना हातोहात टोपी घालत्यात, आनि ती मानसं टोपी नीट करून घरी जात्यात!

पोरीला दिसाय लागलं, एवढं खरं. पन दिसून काय उपेग? तोंड उघडंल तर शपथ. डबा गुपचूप जागेवर ठेवायची आनि पुढं चालायची.

एक शनिवार तर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बटरच्या खाली पिवळी पाटी हुती, दोन घेतले तर स्वस्त. हिनं दोन घेतले. खोलीवर जाऊन बिल बघितलं तर दोन्हीला पुरा भाव लावलेला.

"माघारी जा!" मी म्हनले.

"जाऊ दे ना आई."

"जाऊ दे काय? आज बटर जाऊ दे, उद्या रविवार जाऊ दे, परवा कोन तुला ढकलून पुढं गेलं तरी जाऊ दे. सगळं जाऊनच देनार का तू?"

तिनं फोन कट केला. मी दिवसभर भाजीवर राग काढला. भीमराज म्हनला, "तू तिला भाव शिकवतीयंस, भांडन शिकव." मी म्हनले, "भांडन शिकवायचं असतंय व्हय? ते दुधातनंच जायाला पायजे हुतं." आनि मला रडू आलं. माझंच दूध कमी पडलं, असं वाटलं.

फेब्रुवारीचा शेवटचा शनिवार. लगीनसराईनं बाजाराला तुडुंब गर्दी. तिला मी आधीच बजावलं हुतं, पैसे देताना फोन चालू ठेव, बिल तिथंच वाच. ती मशिनीपाशी उभी ऱ्हायली. तिथं मानूस नसतो, आपलं आपनच टूं टूं करायचं. मला तो पन सापळाच वाटतो, पन ते ऱ्हाऊ द्या.

"आई," ती कुजबुजली, "परत तेच झालं. बटरला पुरा भाव."

"पाटी हाय का अजून?"

"आहे. मी फोटो काढलाय."

"बोलाव कोनाला तरी!"

"आई, मागे रांग आहे…"

"रांग गेली खड्ड्यात! बोलाव!"

आता माझा आवाज बाजारातला. काकड्यांमागनं निघालेला तो आवाज त्या गुपचूप दुकानात असा घुमला, काय सांगू! सगळी रांग वळून बघाय लागली. बोलवायची गरजच पडली न्हाई, एक मॅनेजरीनबाई आपनहून पळत आली. गोरीपान, गळ्यात पट्टी, तोंडावर हसू चिकटवलेलं. काहीतरी इंग्रजी बोलली.

"काय म्हनती ती?"

"म्हणते, ती ऑफर बुधवारीच संपली. मशीनचं बरोबर आहे."

"तिला म्हनावं, बुधवारी संपली तर शनवारी पाटी कशाला लटकतीय? पाटी काढ, न्हाईतर भाव दे!"

यशोधरा पर्स उघडाय लागली. वाटलं, आता ही पैसे देनार, थँक्यू म्हननार आनि मार्च संपला की घरी येनार.

"अगं, तू नको बोलू," मी म्हनले. "मी बोलतीय. तू नुसतं सांग तिला, माझी आई म्हनती म्हनावं."

आनि मंग मी ऐकलं. बारीक आवाजात, इंग्रजीत, पन बोलली! एवढं इंग्रजी मला कळतं: "माय मदर सेज." बाई काहीतरी म्हनली. मी परत सांगितलं, पोरीनं परत "माय मदर सेज." माझ्याभोवती गिऱ्हाईक गोळा झालं. श्रीमंत डाळिंबं सोडून माझ्या पोत्यावर येऊन बसला. बाई म्हनली, पुढच्या वेळी लक्ष ठेवू.

"पुढच्या वेळी न्हाई, आत्ता!" मी वरडले. "आनि इचार तिला, वर काय देती? आमच्याकडं गिऱ्हाईकानं खोटं माप पकडलं तर इकनारा गप माप भरून देतो आनि वर मूठभर कोथिंबीर घालतो. भूल झाली म्हनून! इचार, तुमच्यात रीत हाय का न्हाई?"

"आई, वर वगैरे इथं नसतं—"

"इचार!"

आनि मोबाईल मेला. काळा ठिक्कर. बॅटरी संपली.

अगं बया! माझी पोरगी भर भांडनात एकटी पडली. मी त्या मोबाईलला हालवलं, आपटलं, पदरानं पुसलं. श्रीमंत म्हनला, "माझ्याच्यावरून लावा." पन नंबर कोनाला पाठ हाय? सगळे नंबर त्या काळ्या डबड्यात. एका बाईनं पाव किलो भेंडी मागितली, मी तिला किलोभर गवार दिली. दुसरीला पैसे घ्यायचीच इसरले. मनात एकच, पोरगी रडत बाहेर पडली असंल. मीच तिला तोंडघशी पाडली. ह्या माझ्या तोंडाला काय म्हनावं!

चार वाजता भीमराज टेम्पो घेऊन आला. रिकामे क्रेट भरायला वाकला आनि त्याच्या खिशातला फोन वाजला. यशोधरा! मी त्याच्या खिशात हात घालून फोन वडून घेतला, खिसा टरकला.

पोरीचं तोंड दिसंना. पडद्यावर नुसता हिरवा पाला. मी इचारलं, "अगं, ह्ये काय?"

"कोथिंबीर," ती म्हनली. "वर दिली."

मी मटकन खालीच बसले. ती हसत हुती. किती महिन्यांनी हसली असंल माझी यशो, आनि तेबी एवढं की बोलताच येईना तिला.

"बटरला पाटीवरचाच भाव लावला, आई. पाटी काढली. आणि माझ्यामागे एक म्हातारे आजोबा होते, त्यांच्या टोपलीत पण तेच बटर होतं. मी म्हटलं, ह्यांनाही पाटीचाच भाव लावा. ते आजोबा काठी आपटून म्हणाले, ही मुलगी बरोबर बोलतेय. मग रांगेतले सगळे आपापल्या टोपलीतले भाव तपासायला लागले!"

"पन माझा फोन तर बंद पडला हुता गं."

"ते मला कळलंच होतं. पण मी फोन तसाच धरून ठेवला." आता ती लाजली. "तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत होतं ना. मी आपली म्हणत राहिले, माझी आई म्हणते, माझी आई म्हणते. वर देण्याचं पण तसंच विचारलं. आजोबांचं पण. मग ती मॅनेजर माझ्या हाताकडे बघून म्हणाली, मॅडम, तुमचा फोन बंद आहे."

श्रीमंतनं कपाळावर हात मारला. भीमराज टेम्पोला टेकून उभा, क्रेट तसाच हातात.

"आता गं! मंग?"

"मग मी फोन पर्समध्ये ठेवला," यशोधरा म्हनली, "आणि म्हणाले, बरं. आता हे मी म्हणते."

भीमराजनं क्रेट खाली ठेवला आनि तोंड फिरवून चष्मा पुसाय लागला. माझ्या डोळ्याला तर धार लागली. धीर करून मी इचारलं, "मंग मार्चअखेरचं तिकीट?"

"एप्रिलचं काढते, आई. चौदा तारखेला गावात असेन, पंधरा दिवस सुट्टी घेऊन. सोमवारी वॉर्डात सांगणार आहे, दोन रविवार मी करीन, बाकीचे वाटून घ्या. सुट्टी संपली की परत येते इकडे."

ती 'परत' म्हनली ते तिकडंच जायाला. कळलं मला. भाकरीचं, डोळ्यासमोर ऱ्हान्याचं, सगळं गेलं. आत कुठंतरी चर्र झालं, न्हाई असं न्हाई. पन असा आनंद मला तिच्या निकालाला बी झाला नव्हता.

"काय झालं मावशी?" समोर एक गिऱ्हाईक उभं हुतं, हातात पिशवी. "रडताय का?"

मी उठले, पदर खोचला आनि अशी वरडले की पार बाजाराच्या टोकापत्तोर गेलं असंल.

"भांडली! इंग्लंडात भांडली माझी पोरगी!"